निरंक असल्यास निरंक कळवा

आमच्या ऑफिसात सध्या दर दोन माणसांमागे एकाच्या डोक्यात शिक्षणाचं ॲप आहे. पूर्वी कोडिंगला कंटाळलेला माणूस मुळशीत जमीन बघायचा, नाहीतर मिसळीचं हॉटेल काढायच्या गप्पा मारायचा. आता तो एआय घेऊन थेट झेडपीच्या शाळेत शिरतो. हिंजवडीच्या कँटीनमध्ये बसून ग्रामीण महाराष्ट्राचं शिक्षण सुधारणाऱ्या अशा चार-पाच चर्चा मी गेल्या वर्षभरात ऐकल्या. सुरुवात कुठूनही होवो, गाडी शेवटी एकाच स्टेशनावर येऊन थांबते. "टेक्नॉलॉजी रेडी आहे रे, पण शिक्षकांची मानसिकता बदलायला पाहिजे."

हे 'मानसिकता' प्रकरण मला जाम खटकतं. एक तर हे वाक्य बोलणाऱ्यांपैकी कोणीही गेल्या वीस वर्षांत झेडपीच्या शाळेची पायरी चढलेलं नसतं. (मतदानाला गेले असतील तेवढंच.) आणि दुसरं म्हणजे, मानसिकता काही आकाशातून पडत नाही. तिला इतिहास असतो. शिक्षकांच्या बाबतीत तर तो तारीखवार शासन निर्णयांमध्ये छापलेला आहे.

मी मूळचा नगर जिल्ह्यातला. अधिकृत नाव २०२४ पासून अहिल्यानगर, पण एसटी स्टँडवर अजून सगळे नगरच म्हणतात, मीही त्यातलाच. आमच्या पिढीच्या आधीच्या पिढीत आमच्याकडे दोनच भरवशाची पिकं होती, एक ऊस आणि दुसरं डी.एड. त्यामुळे नात्यात, भावकीत, वर्गमित्रांत मिळून आठ-दहा प्राथमिक शिक्षक सहज निघतात. लग्नाच्या पंगतीत बदल्या, अवघड क्षेत्र, संचमान्यता, शिक्षक बँकेची निवडणूक असे विषय ऐकतच मी मोठा झालो. आता त्यात एआय आलाय. आणि या मंडळींचं एआयबद्दलचं बोलणं मी जेवढं ऐकतो तेवढं माझं एक मत पक्कं होत चाललंय. शिक्षक एआयला घाबरलेले नाहीत. यंत्र आपली नोकरी खाईल ही भीती तर मला एकाच्याही बोलण्यात दिसली नाही. त्यांच्या नोकरीवर गदा येते ती पटसंख्येची. १५ मार्च २०२४ चा संचमान्यतेचा निर्णय आणि कमी पटाच्या शाळांत कंत्राटी शिक्षक नेमण्याचा निर्णय, यांच्याविरुद्ध २५ सप्टेंबर २०२४ ला राज्यभरातले शिक्षक सामूहिक रजा टाकून रस्त्यावर आले होते. त्या मोर्च्यांमध्ये चॅटजीपीटीविरुद्ध कोणी घोषणा दिल्याचं मी तरी वाचलं नाही.

मग एआयचं नाव काढलं की हे लोक असे थंड का होतात? त्यांच्या चेहऱ्यावरचा भाव मला ओळखीचा वाटतो. वरून नवीन टूल लादलं की आमच्या टीममध्ये जो भाव येतो तोच. "हं, आता हेही भरायचं का?"

थोडं मागे जाऊ. २००० च्या दशकाच्या सुरुवातीला एमएस-सीआयटी आलं. आपल्यापैकी अनेकांनी दहावीच्या सुट्टीत केलंय ते. शिक्षकांसाठी मात्र तो छंद नव्हता. ३१ डिसेंबर २००७ पर्यंत परीक्षा पास व्हा, नाहीतर वेतनवाढ थांबेल, असा हिशोब होता. ज्यांनी नंतर पास केली त्यांच्याकडून दिलेल्या वेतनवाढी वसूल करण्याचे आदेश पुढे कितीतरी वर्षांनी निघत राहिले, प्रकरणं कोर्टात गेली. विचार करा, पन्नाशीच्या बाई तालुक्याच्या गावी जाऊन पोरासोरांच्या शेजारी बसून माऊस धरायला शिकतात, आणि त्यांच्या शाळेत कॉम्प्युटर एकतर नसतो किंवा मुख्याध्यापकांच्या खोलीत पिवळ्या कापडाखाली झाकून ठेवलेला असतो. कॉम्प्युटरने मुलांना काय शिकवता येतं हे दिसायच्या आधी कॉम्प्युटरमुळे पगार कसा कापला जातो हे त्यांना दिसलं.

२०१५ मध्ये सरल पोर्टल आलं. नाव सरल. प्रत्येक मुलाची माहिती ऑनलाइन भरायची. दिवसा सर्व्हर चालायचा नाही म्हणून रात्री अकरा-बारा वाजता, पहाटे उठून गुरुजी मंडळी नेट कॅफेत बसलेली असायची. पुढे आधारच्या स्पेलिंगची भानगड आली. जन्मदाखल्यावर एक नाव, शाळेच्या रजिस्टरला दुसरं, आधारवर तिसरं. आणि आधार जुळलं नाही तर मूल पटावर धरायचं की नाही हा वाद. म्हणजे समोर बेंचवर बसलेलं, पाढे म्हणणारं, खिचडी खाणारं मूल सर्व्हरच्या मते अस्तित्वातच नाही! खिचडी किती मुलांनी खाल्ली हेही रोज मोबाइलवरून कळवायचं, ते वेगळंच. २०१६ च्या नोव्हेंबरात तर फतवा निघाला की शिक्षकांनी दहा-दहा मुलांचे गट करून त्यांच्यासोबत सेल्फी काढून अपलोड करायचे, म्हणजे गळती कमी होईल. विरोध इतका झाला की ते गुंडाळावं लागलं. सेल्फीने गळती कशी थांबते हे आजवर मला कोणी समजावून सांगू शकलेलं नाही. असो.

आणि मग बॉट. आपल्याला वाटतं की सामान्य माणसाच्या आयुष्यात चॅटबॉट आला तो ३० नोव्हेंबर २०२२ ला, चॅटजीपीटीच्या रूपाने. झेडपीच्या गुरुजींच्या आयुष्यात सरकारी चॅटबॉट आला तो साधारण वर्षभराने, डिसेंबर २०२३ मध्ये, आणि तो होता हजेरीचा. स्विफ्टचॅट नावाचं ॲप, त्यात अटेंडन्स बॉट. रोज मुलांची हजेरी त्याला द्यायची. त्याच्यापाठोपाठ नियतकालिक चाचण्यांचे गुण भरायला आणखी एक बॉट. हे सगळं जमा होतं पुण्यातल्या विद्या समीक्षा केंद्रात, तिथे राज्याचे आकडे एकत्र बघता येतात. ज्यांना बघायचे त्यांना त्याचा उपयोग होतही असेल. पण तुम्ही-आम्ही चॅटबॉटला प्रश्न विचारतो आणि तो उत्तर देतो. गुरुजींचा बॉट गुरुजींना प्रश्न विचारतो आणि उत्तर नाही दिलं तर केंद्रप्रमुखांचा फोन येतो. त्या माणसाला तुम्ही आता सांगताय की, "सर, एक फार छान एआय बॉट आहे, तुमच्या मदतीला..." तो हसणार नाही तर काय करणार?

आपल्या धंद्यात प्रत्येक प्रोजेक्टच्या सुरुवातीला एक प्रश्न विचारायची पद्धत आहे. यूजर कोण? सरलचा यूजर कोण होता? आकडे बघणारा अधिकारी. हजेरीच्या बॉटचा? तोच. शिक्षक या सगळ्या सिस्टिममध्ये कीबोर्डच्या जागी आहे. कीबोर्डची मानसिकता कोण विचारतो! ज्यांच्या घरात शिक्षक आहेत त्यांनी केंद्राच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरचे मेसेज पाहिले असतील. "खालील माहिती आज दुपारी २ पर्यंत तात्काळ सादर करावी. निरंक असल्यास निरंक कळवावे." माझ्या एका वर्गमित्राने सांगितलं की एका दिवसात त्याने चार वेळा निरंक कळवलं, आणि त्यातली दोन निरंकं एकाच माहितीची होती, फक्त मागणारे विभाग वेगळे.

आता कोणी म्हणेल, हे सगळे सरकारी गोंधळ, पण शिक्षकांना मुळातच तंत्रज्ञानाचा कंटाळा असतो. हे साफ चुकीचं आहे, आणि पुरावा आपल्या शेजारीच आहे. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाड्याची शाळा दहा-बारा वर्षांपूर्वी डिजिटल झाली ती तिथल्या शिक्षकाच्या डोक्यातून. तिचं बघून राज्यभर गावोगावी लोकवर्गणीतून प्रोजेक्टर आले. आमच्या जिल्ह्याला लागून असलेल्या सोलापूरच्या माढा तालुक्यात परितेवाडी आहे. रणजितसिंह डिसले यांनी तिथे पुस्तकातल्या धड्यांना क्यूआर कोड जोडले, पुढे २०१७ मध्ये राज्याच्या पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड आले, आणि २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइझ त्यांना मिळालं. दहा लाख डॉलरचं बक्षीस, त्यातलं निम्मं त्यांनी बाकीच्या अंतिम स्पर्धकांना वाटून टाकलं. आमच्या राहुरी तालुक्यातल्या गोपाळवाडीच्या शाळेचे नारायण मंगलारम यांना त्याच वर्षीचा राष्ट्रीय शिक्षक पुरस्कार मिळाला, आणि कोरोनामुळे तो समारंभही ऑनलाइन झाला. शिवाय ज्यांना पुरस्कार बिरस्कार काही मिळाले नाहीत असे शेकडो शिक्षक आहेत. २०१०-१२ नंतर मराठीत ब्लॉग लिहिणाऱ्यांची संख्या घटत गेली तेव्हा (आपणच सगळे फेसबुकवर पळालो होतो) ब्लॉगस्पॉट जिवंत ठेवलं ते झेडपीच्या गुरुजींनी. कविता, चाचण्या, शासन निर्णय, एक्सेलच्या निकालपत्रकाच्या फाइली, काय नव्हतं त्यात. त्यांना कोणी आदेश दिला नव्हता. एक्सेलमध्ये निकालपत्रक करून दिलं की आपले चार तास वाचतात हे त्यांना कळत होतं, म्हणून ते करत होते.

म्हणजे एकच माणूस, एकाच वर्षी, एका तंत्रज्ञानावर चिडतो आणि दुसरं स्वतःहून शिकतो. फरक कामाचा आहे. ते काम कोणाचं, आणि कोणी ठरवलं, हा.

एआयचंही तेच चाललंय. जाहीरपणे थंड असलेले बरेचसे शिक्षक फोनवर तो वापरतात. टाचण लिहायला, घटक चाचणीची प्रश्नपत्रिका काढायला, पंधरा ऑगस्टच्या सूत्रसंचालनातल्या चारोळ्यांना. साहेबांच्या वाढदिवसाच्या शुभेच्छाही आता यंत्रच लिहितं म्हणे :-) यात मला काही वावगं दिसत नाही. पण एक वापर असा आहे की तो ऐकून मला खरोखर धास्ती वाटली, आणि हा लेख लिहायचं कारण तेच आहे.

वर्णनात्मक नोंदी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याला धरून राज्याने २० ऑगस्ट २०१० च्या निर्णयाने सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आणलं. नुसत्या वार्षिक परीक्षेवर मूल जोखायचं नाही, वर्षभर त्याच्याकडे बघायचं आणि जे दिसलं ते शब्दांत लिहायचं. कल्पना म्हणून ही मला अतिशय आवडते. पहिल्यांदाच सरकार शिक्षकाला सांगत होतं की तू या मुलाबद्दल काय पाहिलंस ते लिही, आम्हाला आकडा नको. पण चाळीस मुलं, प्रत्येकाचे आठ विषय, वर्षात दोन सत्रं, आणि वर 'निरंक कळवा'. व्हायचं तेच झालं. बाजारात तयार नोंदींची पुस्तकं आली, ब्लॉगवर पीडीएफ आल्या. 'परिपाठात सक्रिय सहभाग घेतो.' 'स्वच्छतेची आवड आहे.' 'गटकार्यात इतरांना मदत करते.' महाराष्ट्रातल्या लाखो मुलांना एकाच वेळी स्वच्छतेची आवड निर्माण झाली. तपासणाऱ्याला माहीत होतं, लिहिणाऱ्याला माहीत होतं. सगळा मामला परस्पर समजुतीचा.

आता या नोंदी एआय लिहितो. मी स्वतः करून बघितलं. तिसरीच्या चाळीस मुलांच्या मराठी विषयाच्या नोंदी दे म्हटलं, मिनिटभरात चाळीस आल्या. सगळ्या वेगळ्या, मराठी बरंच बरं, एक नोंद तर अशी की 'कवितेतील यमक जुळणारे शब्द ओळखून स्वतःची उदाहरणे देतो.' वाचणाऱ्याला वाटेल काय बारकाईने पाहिलंय या बाईंनी. आणि ती मुलं अस्तित्वातच नाहीत. छापील पुस्तकातली नोंद निदान ओळखू यायची, कारण ती सगळीकडे सारखी होती. हिच्यात खोटेपणाची ती खूणही नाही.

मी हे एका नात्यातल्या शिक्षकांना बोलून दाखवलं. त्यांचं उत्तर मला अजून पुरतं खोडता आलेलं नाही. ते म्हणाले, "ज्या कागदाला गेल्या पंधरा वर्षांत कोणी वाचलं नाही, तो माणसाने लिहिला काय आणि यंत्राने लिहिला काय. तेवढे तीन दिवस मी पोरांना वाचायला शिकवतो ना." तुम्हीच सांगा, यात चूक काय आहे?

चूक मला दिसते ती पुढची आहे, आणि ती त्यांची एकट्याची नाही. आजवर तो कागद कोणी वाचत नव्हतं हे खरं. पण आता वाचणारा येतोय, आणि तोही यंत्रच असणार आहे. हजेरी, गुण, नोंदी एका जागी साठल्या की त्यांच्यावर मॉडेल बसवायचा मोह कोणालाही होईल, आपल्यातल्याच कोणाला तरी ते कंत्राट मिळेल. आंध्र प्रदेशात मायक्रोसॉफ्टच्या मदतीने कोणती मुलं शाळा सोडतील याचं भाकीत करायचा प्रयोग २०१६ च्या सुमारासच झाला होता. म्हणजे एका यंत्राने न बघता लिहिलेल्या नोंदी दुसरं यंत्र वाचणार आणि त्यावरून ठरवणार की पाथर्डी तालुक्यातल्या अमुक मुलीला काय यायला हवं. मधे जी एक बाई त्या मुलीला रोज बघते, तिचं बघणं या साखळीत कुठेच आलं नाही.

पाथर्डी मी उगाच नाही म्हटलं. आमच्या जिल्ह्याची रचनाच विचित्र आहे. क्षेत्रफळाने राज्यातला सगळ्यात मोठा जिल्हा, चौदा तालुके. प्रवरेच्या पाण्यावर उत्तरेत साखर कारखान्यांची रांग. १९५० च्या सुमाराला विठ्ठलराव विखे पाटलांनी लोणीजवळ सहकारी कारखाना उभा केला तो हाच भाग. आणि दक्षिणेत, पूर्वेला पाथर्डी, शेवगाव, जामखेड, जिथून ऊस तोडायला माणसं बाहेर पडतात. दसरा-दिवाळी झाली की मुकादमाची उचल घेतलेली जोडपी निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. पोरं बरोबर जातात, नाहीतर आजीपाशी राहतात. शासनाची हंगामी वसतिगृहाची योजना आहे, म्हणजे मूल गावातच राहावं, त्याला सकाळ-संध्याकाळ जेवण मिळावं. पण ते मूल मागे ठेवायला आई-बापाला तयार करतं कोण? शिक्षक. गाडी भरायच्या आदल्या रात्री घरी जाऊन, हातापाया पडून. कधी जमतं, कधी नाही.

त्या मुलीसाठी मॉडेलचं भाकीत येईल, 'शाळा सोडण्याचा धोका जास्त.' गुरुजी म्हणतील, मला हे दसऱ्यालाच माहीत होतं, तू उपाय सांग. उपाय मॉडेलकडे नाही, तो आजीचं वय, म्हशी किती, थोरली बहीण घरी आहे का, अशा गोष्टींत असतो आणि त्यातली एकही गोष्ट कुठल्याच कॉलममध्ये भरलेली नसते.

पण आता याचीच दुसरी बाजू बघा, कारण मी काही एआयच्या विरोधात नाही (माझं पोट त्यावर चाललंय). ती मुलगी पाडव्याच्या पुढेमागे परत येते. पाच महिने बुडालेले. शाळा दोनशिक्षकी, एका बाईंकडे दोन वर्ग, कधी दुसरे गुरुजी प्रशिक्षणाला गेले की चारही. वर्ग भागाकारावर आहे आणि हिचा हातच्याचा गोंधळ अजून मिटलेला नाही. त्या बाईंना काय हवं असतं? या एका मुलीसाठी, तिला जिथे अडलंय तिथून सुरू होणारी पंधरा-वीस गणितं, उसाच्या मोळ्यांची, बैलगाडीची, तिच्या ओळखीची. ती करताना ती कुठे चुकते ते बघणारं कोणीतरी, जोवर बाई पहिलीला अक्षरं गिरवून घेतायत तोवर. हे काम एआय आज करू शकतो. बऱ्यापैकी करू शकतो. मी अतिशयोक्ती करत नाही. आणि या कामाबद्दल बोललं की ते थंड चेहरे थंड राहत नाहीत, लगेच प्रश्न सुरू होतात. "इंटरनेटशिवाय चालेल का? मराठीत देईल का? आमच्या मराठीत?"

'आमच्या मराठीत' हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे आणि तो फक्त शिक्षकच विचारतात. भाषा मॉडेल मजकुराचे तुकडे करून वाचतं. २०२४ च्या मे महिन्यात ओपनएआयने जीपीटी-४ओ आणलं तेव्हा त्यांनीच दिलेल्या उदाहरणात मराठीतला जो मजकूर आधी ९६ तुकड्यांचा व्हायचा तो नव्या पद्धतीत ३३ तुकड्यांचा झाला. तोच मजकूर इंग्रजीत २७ वरून २४. म्हणजे त्याआधी मराठीतून विचारणं साडेतीनपट महाग होतं. सुधारणा झाली, चांगलंच आहे. पण ती पुस्तकी मराठीची. अकोले तालुक्यातल्या ठाकर वाडीवरचं पहिलीतलं पोर जे बोलतं ते यातलं काहीच नाही. मोठ्याने वाचून दाखवलं की चुका सांगणारी ॲप निघाली आहेत, गूगलने 'बोलो' हे २०१९ मध्येच आणलं होतं. प्रश्न एवढाच की पोराने 'पाणी'ला 'पानी' म्हटलं तर त्याला चूक म्हणायचं का, आणि कितव्या महिन्यापासून म्हणायचं. पहिलीच्या बाई जूनमध्ये ते सोडून देतात आणि पोराला बोलतं ठेवतात. हा निर्णय कुठल्या कोडमध्ये लिहिलाय?

तुर्कस्तानातल्या एका हायस्कूलमध्ये झालेला प्रयोग इथे सांगण्यासारखा आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या संशोधकांनी तो २०२४ मध्ये मांडला. जवळपास हजार मुलं, विषय गणित. काही मुलांना सराव करताना साधा चॅटबॉट दिला, काहींना वेगळा बॉट, काहींना काहीच नाही. साध्या बॉटवाल्यांनी सरावात ४८ टक्के जास्त चांगलं केलं. मग बॉट काढून घेतला आणि परीक्षा घेतली, तर ज्यांच्याकडे कधीच बॉट नव्हता त्यांच्यापेक्षा ते १७ टक्के मागे पडले. दुसऱ्या बॉटमध्ये तिथल्या शिक्षकांनी आधीच सांगून ठेवलं होतं की या गणितात मुलं कुठे चुकतात, उत्तर देऊ नकोस, अशी सूचना दे. त्या मुलांचं परीक्षेत नुकसान जवळजवळ झालं नाही. फार पुढेही गेली नाहीत, हेही सांगितलं पाहिजे. पण मॉडेल दोन्हीकडे तेच होतं. मधे शिक्षकाचं माहीत असणं घातलं की नाही, एवढाच फरक.

आमच्याकडे ते माहीत असणं मिळवायला फार लांब जायला नको. सिंथिया फरार बाईंच्या नगरमधल्या मुलींच्या शाळा बघून जोतीराव पुण्याला गेले, आणि पुढे सावित्रीबाईंनी शिक्षिकेचं प्रशिक्षण घेतलं ते या फरार बाईंकडेच. पावणेदोनशे वर्षं या जिल्ह्यात शिकवण्याचं काम जाणणारी माणसं आहेत. त्यांच्याशी आजचा संवाद कसा आहे तर यूट्यूब लाइव्हवर दोन तास, खाली कमेंटमध्ये 'उपस्थित' लिहायचं.

शिक्षक सगळे साधुसंत आहेत असं मला म्हणायचं नाही. शिक्षक बँकेच्या सभेतला गोंधळ आमच्या पेपरांत किती वेळा छापून आलाय ते नगरकरांना माहीत आहे. वर्गावर न जाता फक्त पुढाऱ्यांच्या मागे फिरणारे आहेत, आणि एआय आला काय, गेला काय, त्यांना फरक पडत नाही. पण कोणतीही सिस्टिम त्यांच्यावर नजर ठेवायची म्हणून बांधली की ती त्यांना चुकवता येते आणि जो काम करतो तोच तिच्यात अडकतो. आपल्या ऑफिसातल्या टाइमशीटचं वेगळं काय आहे?

केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये जाहीर केलं की २०२६-२७ च्या शैक्षणिक वर्षापासून तिसरीपासूनच एआय शिकवायला सुरुवात करणार. म्हणजे आदेश येणार, प्रशिक्षण येणार, आणि माझा अंदाज आहे की एक पोर्टलही येणारच, किती मुलांना एआय शिकवला याची माहिती भरायला. माझी सूचना अगदी साधी आहे. निदान पहिली दोन वर्षं शाळेतल्या कुठल्याही एआयमधून एकही आकडा वर जाऊ देऊ नका. डॅशबोर्ड नको, रँक नको. शिक्षकाने काय विचारलं, मूल कुठे चुकलं, ते शाळेतच राहू दे. आणि आधी त्याला ते निरंक कळवायला लावा, तेच एआयचं पहिलं काम. जी माहिती सरकारकडे आधीच चार ठिकाणी आहे ती पाचव्या ठिकाणी भरायला यंत्र उत्तम आहे, त्यात कोणाचंही शिक्षण बुडत नाही. वर्णनात्मक नोंद मात्र यंत्राकडून घ्यायची नाही. आठ विषयांच्या चाळीस नोंदी नकोत, वर्षातून एका मुलाबद्दल दोन ओळी पुरेत, पण त्या बघून लिहिलेल्या. हे शासन निर्णयात बसवणं मला वाटतं एआयपेक्षा अवघड आहे.

तुमच्या घरात, नात्यात कोणी शिक्षक असतील (महाराष्ट्रात नसण्याची शक्यता कमीच) तर या शनिवार-रविवारी त्यांना एआयबद्दल काय वाटतं हे विचारू नका. त्याचं छापील उत्तर येतं. कुठलं एक काम त्याला द्याल, ते विचारा. मी विचारतोय. आतापर्यंत सगळ्यात जास्त मतं आधारच्या स्पेलिंगला पडलीत. माझी आत्या निवृत्तीला आली आहे, तिच्याकडे तिसरी-चौथी आहे. ती म्हणाली, "प्रत्येक पोरासाठी वेगळा कागद काढून देईल का रे ते? ज्याला जे येत नाही तेवढंच?" म्हटलं, देईल की, एका मिनिटात. तिने थोडा विचार केला आणि म्हणाली, "मग तू ये एकदा शाळेत. पण येताना छापूनच घेऊन ये. आमचा प्रिंटर आहे, पण बिल थकलंय म्हणून लाइट तोडलीय."